ओढीची गाडी

जुन्या व्हॅनची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पुन्हा चिरली, ती नेमकी कापणीच्या तोंडावर. वेल्डरीण पाठीवर सरकत गाडीखाली गेली आणि हातोडीनं इकडंतिकडं ठोकून बघत राहिली. ठोकेल तिथं गंजाच्या खपल्या तिच्या तोंडावर पडत होत्या. आजवर तिनं या गाडीला एवढी ठिगळं मारली होती की मूळचं लोखंड कुठलं आणि तिनं जोडलेलं कुठलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती बाहेर आली, मनगटानं कपाळ पुसलं आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "जोडायला काही उरलंच नाही. जोडू कशाला?"

नवरा वसतिगृहात स्वयंपाकी होता. अंगानं भारदस्त, बोलणं मऊ, आणि कोपरापर्यंत दोन्ही हातांवर वाफेचे जुने डाग. बायकोनं हे पोट भरणारं लोखंड मेलं म्हणून सांगितलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. पण त्या दिवशी वसतिगृहातल्या पोरांना अळणी जेवण मिळालं.

गाडी नव्हती म्हणजे धंदा दारातच अडकून उभा होता. तिचा धंदा एका दोन चाकांच्या ट्रेलरवर होता. त्यावर जनरेटर, वेल्डिंगचं मशीन, पत्र्याचे आणि पायपांचे तुकडे, पाने, साखळ्या. शेतातलं यंत्र मोडलं की लोक ते तिच्याकडं आणू शकत नव्हते, तिलाच ट्रेलर ओढत त्यांच्याकडं जावं लागे. कापणी जवळ आली की सगळ्यांना एकदम तिची आठवण यायची. वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या यंत्राचं पातं तुटलंय, नांगराचा कान गेलाय, फाटकाची बिजागरी निखळलीय. याच दिवसांत ती वर्षाचं कमवून घेई.

शिवाय घरात सासूबाई होत्या. खुब्याचं हाड बदललेलं, त्यामुळं आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामाला शहरात न्यावं लागे. व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांना "आजी, पाय उचला" म्हणायची आणि त्या तिला म्हणायच्या, "तू उचल आधी, मग मी बघून शिकते."

म्हणजे गाडी अशी हवी होती की जी डोंगराच्या वाटेला वजन ओढेल आणि म्हातारीला दवाखान्यात नेईल. डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली. नवी परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

शहराच्या वेशीवर जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार होतं. तिघंही गेली. पत्र्याच्या छपराखाली गाड्या ओळीनं उभ्या होत्या, पुसून चकचकीत केलेल्या, चाकांना काळं पॉलिश लावलेल्या. स्वयंपाक्याचा जीव पहिल्या फटक्यातच एका उंच गाडीवर जडला. रुंद टायर, टपावर दिव्यांची रांग, पुढं बैलाच्या छातीसारखं बंपर. तो तिच्याभोवती फिरायला लागला आणि बोटांनी हलकेच तिला चाचपायला लागला, भट्टीतून काढलेला पाव चाचपावा तसा.

वेल्डरिणीनं बोनेटवर तळवा ठेवला. बोनेट कोमट होतं, म्हणजे गार इंजिन नीट लागतं का ते आता कळणार नव्हतं. सकाळी आधीच चालवून ठेवलीय का, असं तिनं विचारलं. ऊन आहे ना बाई, असं विकणारा म्हणाला. तिनं वर छपराकडं बघितलं. मग ती वाकली आणि खाली डोकावली. चासीवर काळ्या रंगाचा जाड थर होता, इतका ताजा की बोटाला चिकटला. तिनं पिशवीतून हातोडी काढली, तसा तो हसला.

"बैल घ्यायला आलात का बाई, दात मोजायला लागलात ते?"

आसपासची माणसंही हसली. ट्रेलर जोडून एकदा चढावर नेऊ द्या, असं तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, आधी घेऊन जा, मग हवं ते ओढा, डोंगर ओढा.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूला वेगळंच घडलं. सासूबाईंनी मागचं दार उघडून पाय वर टाकायचा प्रयत्न केला होता. गाडी उंच, पाय पुरेना. त्या दाराला धरून पुन्हा एकदा बेत करत होत्या, इतक्यात आवारातला एक धडधाकट माणूस मागून आला आणि न विचारता काखेत हात घालून त्यानं त्यांना उचलून सीटवर ठेवलं. पोतं ठेवावं तसं. "बसल्या बघा आजी," असं म्हणून तो हात झटकत निघूनही गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सासूबाई सीटवर बसून राहिल्या, वर सरकलेला पदर नीट करत. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असणारी ही बाई घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी त्या भिंतीकडं तोंड करून जेवल्या.

ताटं उचलताना स्वयंपाकी बायकोला हळूच म्हणाला, "ती गाडी नको."

"मी कुठं हवी म्हटलं होतं?"

"नाही, मला हवी होती. म्हणून सांगतो."

त्यानंतर ट्रेलर ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागायची पाळी आली. शेजारी माणूस वाईट नव्हता, पण उपकार करणाऱ्याची एक चाल असते, ती त्याच्यात आली होती. आज बघू, उद्या बघू. एके दिवशी त्यानं तिला ट्रेलरसकट डोंगराच्या पायथ्याच्या एका शेतावर नेऊन सोडलं आणि दुपारी न्यायला येतो म्हणून सांगितलं. तिनं तिथल्या कापणी यंत्राचा मोडका दांडा जोडला, दोन पाती सरळ केली, सामान आवरलं आणि ट्रेलरच्या जोखडावर बसून राहिली. दुपार कलली. सावल्या लांबल्या. हातमोजे काढून तिनं मांडीवर ठेवले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. शेवटी शेजाऱ्याचा निरोप आला की त्याचंच काम निघालंय, आज जमणार नाही.

शेतकरी तिच्याकडं बघून ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. म्हणाला, ट्रेलर राहू दे इथं, कुणी हात लावणार नाही. मग जरा थांबून म्हणाला, जनावरांच्या डॉक्टरांना गाडी काढायचीय. जवळच राहतात. गाडी दिसायला काही नाही, म्हणून कुणी फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. सुट्टीचा दिवस होता, म्हणून स्वयंपाकीही होता. डॉक्टर निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. उजवा हात सारखा थरथरत होता आणि तो त्यांनी खिशात कोंबून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी ओट्यावर चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या.

गाडी अंगणात उभी होती. तिचा रंग एकेकाळी हिरवा असावा. दाराला कुठल्या तरी जनावरानं लाथ घालून पाडलेला पोचा होता. आतल्या सीटांचं कापड जागोजाग शिवलेलं होतं, आणि ते टाके जखम शिवणाऱ्या माणसाचे आहेत हे लगेच कळत होतं.

डॉक्टरांनी आधी गाडीचे दोषच सांगायला घेतले. डिझेल बरंच पिते. पावसात डाव्या काचेतून पाणी येतं. थंडीत दुसरा गिअर कुरकुरतो. क्लच जुना झालाय, खरं तर एव्हाना बदलायला हवा होता, पण हाताचं हे असं सुरू झालं आणि राहून गेलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "सकाळपासून सुरू केलेली नाही. गारच ठेवलीय. हात लावून बघा."

वेल्डरिणीनं हात लावला. बोनेट रात्रीच्या दवानं ओलं होतं.

तिनं किल्ली अर्धी फिरवली, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत, म्हणजे इंजिन आतून तापेपर्यंत थांबली आणि मग पूर्ण फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि लागलं. मागून पांढऱ्या धुराचा एक लोट आला आणि विरला. स्वयंपाकी मान कलती करून ऐकत राहिला. त्याला इंजिनातलं फारसं कळत नव्हतं, पण मोठ्या पातेल्यांपुढं त्याचं आयुष्य गेलं होतं.

"उकळी बसलीय," तो म्हणाला. "उतू जात नाही, विझतही नाही."

मग ती हातोडी घेऊन खाली गेली. डॉक्टर स्वतःच म्हणाले, ठोका, बिनधास्त ठोका. चासीवर गंज होता, पण वरवरचा. ओढ्यातून गाडी काढली की ते दर वेळी खालून धुवून तेलाचा बोळा फिरवायचे. हातोडी पडेल तिथं लोखंड खणखणीत बोलत होतं. फक्त अगदी मागं, ट्रेलर जिथं जोडतात त्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात आवाज बद्द आला. तिनं तिथं पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द.

"इथं आतून खाल्लंय," तिनं खालूनच सांगितलं. "हलका ट्रेलर चालेल. जोराचा झटका नाही सोसायचा. मला जोडता येईल, पण दोष आहे."

डॉक्टर गुडघ्यावर बसून वाकून बघायला लागले. चेहरा उतरला होता. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "माहीत असतं तर सांगितलं असतं." त्यांनी ते इतक्या मनापासून म्हटलं की वेल्डरिणीलाच वाटलं, उगाच सापडलं.

सासूबाई इतका वेळ लांब उभ्या होत्या. गाडी याही वेळी उंचच होती. त्या काही दाराकडं जाईनात, आणि जा म्हणून सांगायचा धीर सुनेलाही होईना. डॉक्टर उठले, गोठ्याकडं गेले, एक लाकडी खोकं घेऊन आले आणि मागच्या दाराखाली ठेवलं. पायानं दाबून ते डगमगत नाही ना, ते बघितलं.  मग सगळ्यांकडं पाठ करून डोंगराकडं बघत उभे राहिले, पावसाचा अंदाज घेत असल्यासारखे. आकाशात ढगाचा एक तुकडा नव्हता. सासूबाईंनी खोक्यावर पाय ठेवला, दाराची कड धरली आणि आपल्या आपण आत जाऊन बसल्या. आतून त्यांचा आवाज आला. "सीट बरी आहे. ट्रेलर जोडून बघा, ऊन तापायच्या आत परत येऊ."

पायथ्याच्या शेतावर जाऊन ट्रेलर जोडला. वेल्डरीण चालवायला बसली, डॉक्टर शेजारी, मायलेक मागं. चढ सुरू होण्याआधी डॉक्टरांनी स्वयंपाक्याला खाली उतरवून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या फिरवायला लावल्या. त्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नव्हता. मग गाडी उभी करून गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा मागं ओढायचा होता. दांडा हटून बसला होता. तिनं जोर लावला.

"जोर नको," डॉक्टर म्हणाले. "वासराचं तोंड उघडतो तसं. नुसता दाब धरून ठेव, त्याचं ते सोडेल."

तिनं दाब धरून ठेवला. दांड्यानं विचार केल्यासारखा वेळ घेतला आणि खटकन जागेवर बसला.

गाडी चढाला लागली. वाट दगडांची, मधेच खचलेली, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला उतार. जुनी व्हॅन इथं धापा टाकायची, मागं घसरायची, स्वयंपाकी उतरून चाकाखाली दगड घालायचा. ही गाडी पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, एकेक दगड पायाखाली घेत, ती चढत राहिली. ट्रेलर मागं गुमान येत होता. वेल्डरिणीचे खांदे हळूहळू सैल झाले. वर पोचल्यावर तिनं गाडी वळवली आणि क्षणभर खालच्या पिकाकडं बघत राहिली.  गाडी घ्यायची, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

उतरताना, अर्ध्या वाटेवरच्या वळणाखाली, दुधाची पिकअप अडकलेली दिसली. ती यांच्या मागून वर येत होती आणि वाटेची कड ढासळून तिचं मागचं चाक बाहेर गेलं होतं. गाडी कलली होती. दूधवाला दगडावर बसला होता आणि त्याच्या हातात एक तुटकी कडी होती. मघाशी खालच्या ट्रॅक्टरनं ओढायला घेतलं, तर गाडी निघण्याऐवजी पुढची ओढायची कडीच उपटून आली. ट्रॅक्टरवाला साखळी आणायला गेला तो गेलाच. अर्धे कॅन भरलेले होते, वरच्या शेतांवरची माणसं दूध काढून वाट बघत होती, आणि ऊन तापत चाललं होतं.

वेल्डरीण उतरली. पिकअपच्या पुढं बसून तिनं कडी जिथून उपटली होती ती जागा बघितली, बोटानं चाचपली. मग नवऱ्याला म्हणाली, ट्रेलर सोडवून कडेला दरडीशी लावा आणि जनरेटर सुरू करा.

त्यानंतर कुणी कुणाला फारसं विचारलं नाही. स्वयंपाक्यानं पिकअपच्या चाकांखाली धोंडे घातले आणि भरलेले कॅन एकेक करून उतरवले. रोज पातेली उचलणारे हात, त्यांना ते वजन काहीच नव्हतं. सासूबाई चढाउतरायला सोबत घेतलेलं खोकं उन्हातून सावलीला ओढून त्यावर बसल्या आणि तिथून हुकूम सोडायला लागल्या. कॅन दरडीच्या सावलीत लावा, पोती भिजवा, वरून घाला, अहो तसं नाही, कडा झाका. दूधवाला त्यांच्या धाकात होता आणि त्यामुळं त्याचा धीर परत आला होता. वेल्डरिणीनं पिकअपची बॅटरी सोडवली, ग्राइंडरनं जागा घासून पांढरी केली, पायपाचा जाड तुकडा आणि जुन्या साखळीचा दुवा घेतला आणि मुखवटा खाली केला.

डॉक्टर डोळ्यांसमोर हात आडवा धरून, वेल्डिंगचा झोत टाळत, तिच्या पाठीकडं आणि हाताकडं बघत उभे होते. तिचा हात एका रेषेत सरकत होता, ना घाई ना थांबा. ठिणग्या बाहीवर पडत होत्या आणि ती हलत नव्हती. काम झाल्यावर तिनं वरची राख झटकली, हातोडीनं कडीवर दोन घाव घातले आणि आवाज ऐकला. डॉक्टर हळूच म्हणाले, "असा हात माझाही होता." त्यांनी ते हळहळून नाही म्हटलं. चांगलं गाणं ऐकल्यावर माणूस आपलं गाणं आठवतो, तसं म्हटलं.

आता ओढायचं. गाडीची मागची पट्टी कच्ची, म्हणून पुढूनच ओढावं लागणार होतं, म्हणजे चढाला उलट्या गिअरमध्ये. पिकअपची बॅटरी परत जोडली, साखळी लावली, चाकांखालचे धोंडे काढले. दूधवाला आपल्या गाडीत बसला. छोटा दांडा तसाच ठेवून तिनं रिव्हर्स टाकला आणि हळूहळू क्लच सोडत गेली. साखळी ताणली, पिकअप हलली, पुन्हा बसली. तिनं अर्ध्या क्लचवर धरून ठेवलं, इंजिन गुरगुरत राहिलं.

"करपतंय," बाहेर उभा असलेला स्वयंपाकी म्हणाला.

तिनं लगेच पाय दाबून थांबवलं. खरंच वास येत होता.  डॉक्टर तिच्या खिडकीशी आले.

"गाय अडलेली असली की लोक सारखे ओढत राहतात," ते म्हणाले. "वासरू मरतं, गायही मरते. तिला कळ आली की तेवढ्यापुरतं ओढायचं. दूधवाला गॅस देईल, तेव्हाच तू दे. आणि पाय काढलास की पूर्ण काढ. अर्धवट नको."

क्लच निवू दिला. मग डॉक्टरांनी खिशातला हात बाहेर काढला आणि दोन्ही गाड्यांना दिसेल असा वर धरला. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही. त्यांनी हात खाली आणला, तसा दूधवाल्यानं गॅस दिला, तिनं पाय सोडला. चारही चाकांनी माती धरली. गाडी हिसका न देता मागं सरली, आणि तिच्यापाठोपाठ पिकअप कडेवरून वर आली, निथळत पाण्यातून म्हैस वर यावी तशी. वळणावरच्या रुंद जागेपर्यंत तिनं तिला तसंच ओढत नेलं.

 दूधवाल्यानं कॅनच्या झाकणातून सगळ्यांना दूध पाजलं, आणि सासूबाईंना दोनदा. मग कॅन परत गाडीत चढवून तो वर निघून गेला. कडी जागेवर होती.

ट्रेलर जोडून गाडी परत सुरू केल्यावर कळलं की क्लच घसरतोय. उतार होता म्हणून ठीक, पण इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडी मागं राहायची. डॉक्टर म्हणाले, क्लच जुनाच होता, मी आधीच बदलायला हवा होता, तो मी बदलून देतो. वेल्डरीण म्हणाली, जाळला मी, माझ्या पायाखाली जळला, त्याचं मी बघते. डॉक्टर म्हणाले, सल्ला देणारा मी होतो. ती म्हणाली, सल्ला ऐकला तेव्हा गाडी निघाली, जाळला तो त्याच्या आधी. दोघंही हटेनात. स्वयंपाकी गालातल्या गालात हसत होता.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अर्धा त्यांचा, अर्धा आपला. आणि मला आता घरी जायचंय." अशा रीतीनं सौदा ठरला. खरेदी-विक्रीच्या गोष्टी कुणी तोंडानं काढल्याच नव्हत्या, पण गाडी आता कुणाची हे सगळ्यांना समजलं होतं.

क्लचला ओझं नको म्हणून डॉक्टरांच्या अंगणात ट्रेलर सोडवला. मायलेक उतरले. वेल्डरिणीनं इंजिन चालूच ठेवलं होतं, कारण डॉक्टर शेजारच्या सीटवरून उतरत नव्हते. समोरच्या काचेतून ते आपल्याच घराकडं बघत होते. डॉक्टरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"दिली का?" त्यांनी विचारलं.

"दिली."

"मग उतरा की."

"उतरतो," डॉक्टर म्हणाले आणि बसून राहिले.

डॉक्टरीणबाई गाडीजवळ आल्या. त्यांनी दाराच्या पोच्यावर हात ठेवला. वेल्डरिणीला म्हणाल्या की हे वेळीअवेळी निघायचे, मी उठून फाटक उघडायची, हे गेले की लावून घ्यायची. साऱ्या मुलखातली गुरं या गाडीनं बघितली. मी मात्र हिची पाठ तेवढी बघितली. आत बसायला कधी जागाच नव्हती, औषधांच्या पेट्या, नाहीतर एखादं आजारी कोकरू.

मग मागचं दार उघडून, कुणाच्या मदतीशिवाय, त्या आत चढून बसल्या.

"फाटकाबाहेरच्या वाटेवर मोठ्या झाडापर्यंत नेऊन आण, मुली," त्या म्हणाल्या. "सपाटी आहे. क्लचला सोसेल."

वेल्डरिणीनं हळूच पाय सोडला. गाडी अंगणातून फाटकापर्यंत आली. फाटक बंद होतं. सवयीनं डॉक्टरीणबाईंचा हात दाराच्या मुठीकडं गेला.

"बस," डॉक्टर म्हणाले. "मी उघडतो."

ते उतरले. थरथरत्या हाताला कडी लवकर सापडेना. गाडीतून कुणी घाई केली नाही. कडी निघाली, त्यांनी फाटक पुरतं उघडून धरलं आणि गाडी त्यांच्यासमोरून बाहेर आली. मग त्यांनी फाटक लावलं, कडी नीट बसली का ते हलवून बघितलं, आणि पुढच्या सीटवर न बसता मागं, बायकोशेजारी जाऊन बसले.